सुई खालसाची, दहा दिवस मोगलाईचे

तीस वर्षं मी लोकांच्या दंडात सुया टोचल्या. आता हात थरथरतो, म्हणून संपादकांनी हातात लेखणी दिली असावी. तीही टोचते म्हणतात, पण निदान तिला उकळावं लागत नाही.

परवा वाचनालयात एक जाडजूड मासिक चाळत होतो. साथ दुसऱ्यांदा उलटून आली तेव्हा कुठल्या देशानं काय केलं, याच्यावर कुणा विद्वानानं भला मोठा लेख लिहिला होता. अमक्यानं बंदरं बंद केली, तमक्यानं माणसं कोंडली. लेखक त्यासाठी बोटीनं देशोदेशी हिंडून आला होता. मला हसू आवरेना. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तांबोळी, हसताय काय?" म्हटलं, "बिचाऱ्याला उगाच बोट लागली. मी हे सगळं एका ओढ्याच्या काठावर बसून पाहिलंय."

ते हिवरखोरी गाव. पाथर्डीच्याही पलीकडं, जिथं कुसळांशिवाय काही उगवत नाही त्या बाजूला. दुसरी लढाई चालू होती, रॉकेलला रांगा होत्या, आणि मुलूख अजून वाटलेला होता. ओढ्याच्या अलीकडची हिवरखोरी इंग्रजांची, म्हणजे खालसा. पलीकडची निजामाची, म्हणजे मोगलाई. मधे दोनशे पावलांचं वाळूचं पात्र. लोक एकच, सोयरीक एक, पण अलीकडं आजारी पडलं तर मी आणि पलीकडं पडलं तर मोगलाईचा नाकेदार, अशी वाटणी होती.

प्लेगचं काम बाहेरच्याला थोडक्यात सांगतो. आधी उंदीर पडतात. मग माणसाला ताप येतो, काखेत नाहीतर जांघेत गाठ येते. उंदीर पडले की गावानं घरं सोडायची आणि माळावर कडब्याच्या खोपी घालून राहायचं. तिथं मी पेटी घेऊन जायचो. पेटीत स्पिरिटचा दिवा, सुया उकळायचं भांडं, काचेची पिचकारी, लशीच्या बाटल्या, आयोडीन आणि दाखल्यांचं बुक. टोचलं की दंड सुजायचा, दोन दिवस ताप यायचा, आणि गावातल्या तमाम बाया माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. लढाईमुळं नव्या सुया येत नव्हत्या. जुन्याच मी दगडावर घासून धार लावायचो. तेव्हा त्या शिव्यांत बरंच तथ्य होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर तीन राज्यांचे तीन कायदे: पलटणीच्या छावणीचा, खालसाचा आणि मोगलाईचा. आमचं घर भिंगारला, छावणीला लागून, त्यामुळं तिथला कायदा घरबसल्या कळायचा. हुकूम सुटला की रांग, रांग लागली की सुई, आणि जे जागचं हलत नाही त्या सगळ्याला चुना. माझे अब्बा शिंपी होते, पलटणीचे कपडे शिवायचे. त्यांना एका आठवड्यात दोनदा टोचून घ्यावं लागलं, कारण पहिला दाखला त्यांनी एका कोटाच्या खिशात ठेवला आणि कोट गिऱ्हाइकाला नेऊन दिला. महिनाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत. जणू सुईचा शोध मीच लावला होता.

खालसाचा कायदा माझ्या हातात. सुई टोचून घ्या, दाखला घ्या आणि कुठंही जा. दाखला नसेल तर माळ सोडून दुसऱ्या मुलखात सरळ जायचं नाही.

मोगलाईत सुई नव्हती. तिथं दिवस होते. नाक्याजवळ एक मांडव घातलेला. बाहेरच्या माणसानं त्यात दहा दिवस बसायचं, कपडे उन्हात टाकायचे, सकाळ-संध्याकाळ कडुलिंबाची धुरी घ्यायची. गाठ आली नाही तर आत. खालसातला सुई घेतलेला माणूस दाखला दाखवून सरळ आत जायचा, एवढी दोन्ही सरकारांची आपसांत बोली होती. नाकेदार हमीदसाहेब मोठे रुबाबदार. कडक शेरवानी, डोळ्यांत सुरमा, तोंडात पान. दिवस मोजायची त्यांची पद्धत दिलदार होती. आला तो दिवस एक, निघाला तो दिवस एक, आणि मधला शुक्रवार सुट्टीचा म्हणून दुप्पट. त्यामुळं दहा दिवस कधी आठात संपायचे, कधी सातात. मी एकदा म्हटलं, "साहेब, रोगाला शुक्रवार कळतो का?" तर म्हणाले, "हजरत, हमारे मुलूख में आया है, तो कळलाच पाहिजे."

मी मुसलमान, ते मुसलमान, म्हणून गावाला वाटायचं आमचं आतून काही साटंलोटं आहे. प्रत्यक्षात आम्ही ओढ्याच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांच्या सरकारला नावं ठेवायचो. ते म्हणायचे, सुई टोचणं म्हणजे निरोग्या माणसाला आजारी पाडणं. मी म्हणायचो, धुरीनं रोग जात असता तर आमच्या भटारखान्यात कुणी मेलंच नसतं.

पहिल्या खेपेला लोक भ्यालेले होते. जे सांगू ते ऐकत. त्याच पहिल्या खेपेची एक गोष्ट मला आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं हसण्यावारी जाईल.

रखमा म्हणून एक पोर होती, अठरा-एकोणीस वर्षांची. सासर अलीकडं, माहेर पलीकडं. आई गंगूबाई पलीकडची नावाजलेली सुईण. रखमाचं पहिलंच बाळंतपण, आठवा सरलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, आणि माहेर तर समोर दिसत होतं, आईच्या चुलीचा धूर दिसत होता. ती माझ्या टेबलाशी आली आणि दाखला मागितला. मी नियम सांगितला. पोटुशी बाईला टोचायचं नाही अशी वरून सक्त ताकीद, आणि टोचल्याशिवाय दाखला नाही. मांडवात दहा दिवस बसावं तर त्या वेळी मांडव भरलेला, तिथं दोघांना गाठी आलेल्या. ती म्हणाली, "भाई, नुसतं लिवून द्या की. टोचली म्हनून." मी तिला बुक दाखवलं. म्हटलं, यात एकही खोटी ओळ नाही, बाई. मोठ्या दिमाखात म्हटलं. ती गेली. आठ दिवसांनी माळावरच्या खोपीत बाळंत झाली. अलीकडची सुईण साथीला भिऊन पळालेली. पोर दीड दिवस जगलं. मृत्यूच्या नोंदी लिहायचं कामही माझ्याकडंच होतं, तेव्हा ती ओळ मीच लिहिली, आणि तीही अगदी खरी होती.

दोन वर्षांनी साथ उलटून आली. या खेपेला लोक तरबेज झालेले. कुणाला रोगाचं भय नाही, सरकारचं तर नाहीच. पारावर बसून म्हातारे दोन्ही राज्यांची तुलना करायचे. "खालसात सुई हाय पन दिस न्हाईत. मोगलाईत दिस हाईत पन सुई न्हाई." ज्याला शेताची घाई तो खालसाचा व्हायचा, ज्याला सुईचं भय तो मोगलाईचा. ज्याला बायकोशी भांडण करून आठ दिवस निवांत पडायचं तोही मोगलाईचाच. एक म्हातारा तर शपथेवर सांगायचा की त्याची झोप खालसात आणि जेवण मोगलाईत, तेव्हा त्याला कुठलाच कायदा लागू नाही.

आणि दगडू पैलवान. त्याच्या उजव्या दंडावर गोंदलेला मारुती होता. पहिल्या दिवशी मी त्या मारुतीच्या शेपटीखाली सुई टोचली. दुसऱ्या दिवशी खाली मान घालून दाखले लिहीत होतो, समोर डावा दंड आला, नाव वेगळं सांगितलं, मी टोचलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा उजवा दंड. मारुती परत भेटायला आलेला, शेपटी सुजून गदेएवढी झालेली! वर पाहिलं तर दगडू. पहिल्यांदा स्वतःचं, दुसऱ्यांदा बापाच्या नावचं, आता चुलत्याच्या.

"अरे बाबा, तुझ्या दंडात घातलेली लस चुलत्याच्या अंगात कशी जाईल?"

"एकाच घरातलं रगत हाय की, भाई," तो म्हणाला. "आन् त्यो म्हातारा सुई बघूनच मरंल."

मी चुलता आणि बाप दोघांना धरून आणलं. बापानं टोचताना माझ्या मनगटाला चावा घेतला, त्याचा वण अजून आहे.

चौथ्या दिवशी दगडू चौथ्यांदा रांगेत. ताप चढलेला, डोळे लाल. समोर बसला आणि बाही वर केली.

"नाव?"

"रखमाबाई दगडू."

रांगेत हशा पिकला. मीही हसलो. "रखमाबाई, मिशी बरी राखलीय," असंही म्हटलं. लोक लोळायचे बाकी राहिले.

तो हसला नाही. खाली वाकून हळू म्हणाला, "भाई, तिला टोचायचं न्हाई असा तुमचा कायदा हाय. मंग तिच्या नावाचं मला टोचा आन् कागद तिला द्या. नववा लागलाय. आवंदा तिला आईकडं न्यायचंय, आन् मांडवातल्या गाठीवाल्यांत बसवायची न्हाई. दोनदा टोचा पायजे तर. लई दुखलं तरी चालंल."

तेव्हा कुठं मला कळलं ही रखमा कोण ते. दोन वर्षांत मी तिचं नाव विसरलो नव्हतो, पण नवऱ्याचं तोंड मला माहीत नव्हतं. मी त्याला काय सांगावं? मी सांगितलं ते सांगायची लाज वाटते, पण लिहितो. म्हटलं, "नियमात बसत नाही." बाही खाली करून तो उठला आणि निघून गेला.

त्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीच्या आत बुक उघडलं आणि दाखला लिहिला. रखमाबाई दगडू, वय एकवीस, टोचली. खाली माझी सही. नोकरीतली पहिली खोटी ओळ. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो आणि कागद छातीजवळच्या खिशात ठेवला.

सकाळी तिच्या खोपीवर गेलो तर खोपी रिकामी. शेजारीण म्हणाली, "ती व्हय? माहेरी गेली की."

"माहेरी? दाखल्याशिवाय?"

तिनं ओढ्याकडं बोट केलं. ओढ्याच्या पात्रात, बरोबर मधोमध, हद्दीच्या पांढऱ्या दगडाला टेकून कडब्याची एक नवी खोपी उभी होती. आत बाज, बाजेवर रखमा. बाहेर गंगूबाई तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवत बसलेली. दगडू लाकडं फोडत होता.

पलीकडून हमीदसाहेबही धावत आले. दोघांनी मिळून गंगूबाईला घेरलं.

"ये क्या तमाशा है?" साहेब गरजले.

"तमाशा कशाचा? लेकीचं बाळंतपन हाय."

"बाई, इथं राहता येणार नाही," मी म्हटलं.

"कुनी सांगितलं? खालसातनं मोगलाईत जायाला कागद लागतो, व्हय ना? ती गेली का मोगलाईत? न्हाई गेली. आन् मोगलाईतनं भायेर पडायला कागदच लागत न्हाई, म्हनून मी आले. वड्यात उतरायला कागद लागतो असं कुठं लिवलंय, दावा मला."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"पण हे माहेर कसं?" मी विचारलं.

"चूल कुनाची हाय?" ती म्हणाली. "माज्या घरातली. तिन्ही दगडं डोईवर आनली मी. आईची चूल तितं लेकीचं माहेर. तुमच्या सायबाला इचारा, त्याला बी आई असंल."

मग आमच्या दोघांत जी चर्चा झाली तशी दोन सरकारांत कधी झाली नसेल. राज्यं जमिनीच्या तुकड्यासाठी लढतात असं ऐकलं होतं. आम्ही तो तुकडा एकमेकांना देऊन टाकत होतो. "हजरत, ओढा तो आपका है." "छे छे साहेब, दगडाच्या पलीकडची वाळू सगळी तुमची." "चूल हमारी तरफ है, लेकिन बाज आपकी तरफ." "बाजेचं डोकं तुमच्याकडं आहे, साहेब, माणूस डोक्यावरून धरतात." शेवटी दोघांनीही आपापल्या वहीत 'हद्दीबाहेर' असं लिहिलं आणि आपापल्या काठावर जाऊन बसलो. खिशातला कागद खिशातच राहिला. द्यायला पुढं झालोच नाही. तिनं या खेपेला मला काही मागितलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रखमाला कळा सुरू झाल्या. फाल्गुनातले दिवस, आभाळ वरच्या डोंगराकडं काळं झालेलं. आम्हाला वाटलं, असेल अवकाळी, आपल्याकडं कुठला यायला! एक थेंब पडला नाही. पण वर धो धो कोसळला असावा, कारण थोड्या वेळानं ओढ्याच्या वळणाकडून गाड्या धावल्यासारखा आवाज आला. पाणी!

कोण कुठून उतरलं मला आठवत नाही. मी बाजेकडं पळालो एवढं आठवतं. दगडूनं बाजेचा एक पाय धरला, दुसरा मी. समोरच्या बाजूला गंगूबाई, आणि चौथ्या पायाला शेरवानीसकट हमीदसाहेब. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. आणि बाज हलेना! कारण आम्ही दोघं सवयीनं अलीकडं ओढत होतो आणि ते दोघं पलीकडं. दोन मुलूख एका बाळंतिणीला घेऊन भर पाण्यात रस्सीखेच खेळत होते. मधोमध रखमा किंचाळली, "पलीकडं! मला पलीकडं न्या, मुडद्यांनो!"

मी ओरडलो, "साहेब, तिच्याजवळ दाखला नाही!" या घडीला हे शब्द माझ्या तोंडून का निघाले, अल्ला जाणे. खिशात दाखला होता, तरी निघाले. तीस वर्षांची नोकरी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती, पण ती बोलली.

हमीदसाहेबांच्या तोंडातलं पान गळून पडलं. ते माझ्यावर खेकसले, "दाखला गया चूल्हे में! नाकेदार मैं हूं. जहाँ मैं, वहाँ नाका. चलो!"

आम्ही पलीकडं धावलो. पाणी मांडीला लागेपर्यंत काठ गाठला. गंगूबाईनं तेवढ्यात चुलीचे दोन दगड काखेत मारले होते. तिसरा वाहून गेला, त्याच्यासाठी ती नंतर आठवडाभर हळहळत होती. बाज सरळ मांडवात नेली, बायांनी लुगडी आडवी धरली, आणि आम्ही तिघं पुरुष बाहेर चिखलात बसलो. हमीदसाहेब तोंडानं दुवा पुटपुटत होते, दगडूचा हात सुजलेल्या मारुतीवर होता. मी दीड दिवसाची ती जुनी ओळ आठवत होतो.

पोर रडलं. मग गंगूबाईचा आवाज आला, "पोरगी हाय. लई दांडगी हाय!" दगडू ढसाढसा रडला. साहेबांनी मला मिठी मारली, माझ्या सदऱ्याला सुरमा लागला.

मग त्यांनी डोळे पुसले, वही मागवली आणि बाजेभोवतीच्या सगळ्यांची नावं लिहिली. शेवटचं नाव माझं.

"हे काय, साहेब?"

"आप खालसा से आये. दहा दिवस."

"मी टोचलेला आहे!"

"दाखला दिखाव."

माझा दाखला भिंगारला घरी पडला होता. हजारो लोकांना दाखले लिहून देणारा मी, माझ्या जवळ एकच होता, आणि तो रखमाबाईच्या नावाचा. बसलो मांडवात. पण साहेबही माझ्या मुलखातल्या माणसाला शिवले होते. तिसऱ्या दिवशी ओढा उतरल्यावर मी पेटी मागवली आणि म्हटलं, आता सुई. त्यांनी कलमा म्हटला, तोंड फिरवलं, आणि सुई लागायच्या आतच शेरवानीसकट आडवे झाले. शुद्धीवर येईपर्यंत मी टोचून मोकळा झालो. त्या साऱ्या साथीत दोन्ही राज्यांचे दोन्ही कायदे पुरते पाळले गेले ते आम्हा दोघांकडून. माझ्या वरच्या साहेबांनी मात्र 'दाखल्याविना परमुलखात का गेलात' म्हणून खुलासा मागवला. तो मी अजून दिलेला नाही.

शुक्रवार दुप्पट धरून सातव्या दिवशी माझी सुटका ठरली. निघण्याआधी मी लुगड्याच्या आडोशापाशी गेलो. रखमा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी खिशातून तो कागद काढला. पाण्याच्या शिंतोड्यांनी भिजून वाळला होता, शाई पसरली होती, पण नाव वाचता येत होतं.

"ह्यो काय?"

"तुझा दाखला. न टोचता लिहिला होता. तू ओढ्यात उतरलीस त्याच्या आदल्या दिवशी."

तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "माजं नाव कुठंशी हाय?" मी बोट ठेवलं. तिनं त्यावरून एकदा आपलं बोट फिरवलं.

"भाई, ह्यो मागल्या खेपेला पायजे हुता."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिनं कागदाची घडी करून पोरीच्या दुपट्यात खोचली आणि पोरगी उचलून माझ्यापुढं केली.

"धरा. आईचं पानी तापायचंय, तवर."

बाहेर गंगूबाई आपले दोन दगड आणि नाक्यावरचा तिसरा जुळवत होती, आणि तो परका दगड काही केल्या बसत नव्हता. पाणी तापायला बराच वेळ लागला. मी धरून बसलो.